दुःखसहनाचे चित्रपट आणि सरकारची कात्री

(पॅरिशच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



ज्युबिलीच्या सोहळ्यात गतकाळाचे गुणगान व्हावे, ज्या वाडवडिलांनी काबाडकष्ट करून हे देवालय उभारले त्यांचे कृतज्ञतेने स्मरण व्हावे, हे सर्वथा योग्यच आहे. परंतु ज्युबिली म्हणजे केवळ मागे वळून पाहणे नव्हे. आपणांस लाभलेली श्रद्धा आपण पुढील पिढीच्या हाती कोणत्या रूपाने ठेवीत आहो, याचा हिशेब करण्याचाही तो प्रसंग होय. आमच्या आजोबांस प्रभूच्या दुःखसहनाची कथा प्रवचनातून आणि क्रूसाच्या वाटेवरून कळली. आमच्या मुलांस ती पुष्कळदा प्रथम पडद्यावर दिसते. म्हणून या पडद्याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

प्रश्न तीन आहेत. प्रभूच्या यातना चित्रपटात दाखविताना रक्तपात किती दाखवावा? एखादा धार्मिक चित्रपट अपायकारक वाटल्यास सरकारने तो बंद करावा काय? आणि तिसरा, जो सर्वस्वी आपल्या घरचा आहे, तो असा की, असे चित्रपट आपण आपल्या मुलांस दाखवावेत काय, आणि दाखविल्यास कसे?

पडद्यावरील ख्रिस्तचरित्राची शक्ती किती मोठी आहे, हे महाराष्ट्रास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १९१०-११च्या सुमारास मुंबईत एका गृहस्थांनी 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला. ते गृहस्थ म्हणजे दादासाहेब फाळके. प्रभू येशूचे चरित्र डोळ्यांपुढून सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण आणि गोकुळ उभे राहिले, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे. त्या क्षणाचे फळ म्हणजे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र'. ख्रिस्तकथेच्या चित्राने एका हिंदू कलावंताच्या मनात द्वेष पेरला नाही. त्याच्या स्वतःच्या श्रद्धेचे झरे त्याने मोकळे केले. चांगल्या धार्मिक चित्रपटाची कसोटी कोणती, असे कोणी विचारल्यास मी प्रथम हे उदाहरण सांगेन.

आता ज्या चित्रपटाने जगभर वादळ उठविले, त्याकडे वळू. मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' हा चित्रपट २५ फेब्रुवारी २००४ रोजी, म्हणजे राखेच्या बुधवारी, अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण इटलीत झाले होते आणि त्यातील संवाद अरामी, हिब्रू व लॅटिन भाषांत होते. सुमारे ३ कोटी डॉलरचा खर्च गिब्सन यांनी आपल्या पदरचा केला. जगभरातील उत्पन्न ६० कोटी डॉलरांच्या वर गेले. गेथशेमनीच्या बागेपासून क्रूसावरील मरणापर्यंतचे सुमारे बारा तास त्यात दाखविले असून फटक्यांचा प्रसंग कित्येक मिनिटे चालतो. रॉजर ईबर्ट या नामांकित अमेरिकन समीक्षकाने चित्रपटास सर्वोच्च म्हणजे चार तारे दिले. आणि त्याच लेखात, आपण आजवर पाहिलेला हा सर्वांत हिंसक चित्रपट होय, असेही बजावले. अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांस पालकांवाचून प्रवेश नव्हता. ब्रिटनमध्ये तो केवळ अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी होता. पुढील वर्षी गिब्सन यांनी स्वतःच पाचसहा मिनिटांची दृश्ये वगळून सौम्य आवृत्ती काढली. तिला फारसे प्रेक्षक लाभले नाहीत.

चित्रपटावर आक्षेप दोन होते, आणि ते नेहमी एकत्र मिसळले जातात. आपण ते वेगळे करू.

पहिला आक्षेप रक्तपाताचा. शुभवर्तमानकारांकडे पाहावे तर ते या बाबतीत विलक्षण मितभाषी आहेत. संत योहान फटक्यांचा प्रसंग एका ओळीत उरकतो. संत मत्तय व संत मार्क जाता जाता उल्लेख करितात. संत लूक तर शिक्षेचा शब्द पिलाताच्या तोंडी घालून पुढे जातो. मग चित्रपटातील तो विस्तार आला कोठून? त्यातील पुष्कळसा भाग जर्मन योगिनी अॅन कॅथरिन एमरिक यांच्या दर्शनांवर आधारलेला आहे. ही दर्शने क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने लिहून काढली आणि १८३३ साली, म्हणजे त्या भगिनीच्या मरणानंतर नऊ वर्षांनी, प्रसिद्ध केली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३ ऑक्टोबर २००४ रोजी अॅन कॅथरिन यांस धन्यवादित घोषित केले खरे, परंतु त्या चौकशीत ब्रेंटानोचे लिखाण बाजूस ठेवण्यात आले होते. कारण त्यात भगिनीचे शब्द कोणते आणि कवीची भर कोणती, हे निश्चित सांगता येत नाही. तात्पर्य, पडद्यावर जे दिसते ते सारेच शुभवर्तमान नव्हे, ही गोष्ट श्रद्धावंत प्रेक्षकाने प्रथम ध्यानात धरावी.

तथापि, जखमा दाखविणे हेच मुळी पाप आहे, असे म्हणणारांशी मी सहमत नाही. चारशे वर्षांपूर्वी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या क्रिस्तपुराणात प्रभूच्या यातना मराठी ओव्यांत गायिल्या, आणि ते ऐकून या किनाऱ्यावरील भाविकांनी पिढ्यान् पिढ्या अश्रू ढाळिले. १५१२ ते १५१६च्या सुमारास चित्रकार ग्रूनेवाल्ड याने इझेनहाइम येथील मठासाठी क्रूसावरील ख्रिस्ताचे एक भयंकर चित्र काढिले. प्रभूचे अंग हिरवटलेले, त्वचा फोडांनी व काट्यांनी भरलेली, बोटे वेदनेने ताठरलेली. परंतु ते चित्र कोणासाठी होते? त्या मठाच्या रुग्णालयात विषारी धान्यामुळे हातपाय सडणारे रोगी आणीत असत. त्या अभाग्यांस वेदीवर आपल्याच रोगाने पोळलेला देव दिसे. आपण एकटे नाही, ही खूण त्यांस त्या फोडांतून पटे. तेथे रक्त आणि जखमा हे सांत्वनाचे साधन झाले.

म्हणून रक्ताचे मोजमाप शेरांत करून चालणार नाही. ते पाहून प्रेक्षकाचे मन कोणाकडे वळते, हे पाहिले पाहिजे. दुःखिताकडे वळत असेल, तर ते दर्शन उपासनेचा भाग आहे. केवळ थराराकडे वळत असेल, तर तो रोमन आखाड्याचा खेळ आहे, मग त्यावर क्रूसाचे चिन्ह कितीही मोठे असो. आणि एखाद्या समाजाविरुद्ध क्रोधाकडे वळत असेल, तर ते प्रभूच्या दुःखसहनाचेच विडंबन होय.

येथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्याहून फार गंभीर आहे. यहुदी बांधवांनी व कित्येक कॅथलिक विद्वानांनीही असे म्हटले की, या चित्रपटात यहुदी पुढारी व जमाव अतिशय क्रूर रंगविले असून पिलात मात्र दयाळू, चिंताग्रस्त अधिकारी म्हणून दाखविला आहे. इतिहासकार योसेफस आणि तत्त्वज्ञ फिलो यांच्या लिखाणातला पिलात असा नाही. तो कठोर व हेकेखोर होता. येशूचे रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो, अशा अर्थाचे जमावाचे उद्गार मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत. त्यांवर आक्षेप आल्यावर गिब्सन यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर पडद्यावरून काढून टाकिले, अरामी शब्द मात्र राहू दिले.

कोणी म्हणेल, जुन्या कथेविषयी एवढा गहजब कशासाठी? बंधूंनो, त्या एका वाक्याच्या आधाराने युरोपात शतकानुशतके यहुद्यांची घरे जळाली. जर्मनीतील ओबरअमरगाउ या गावी १६३४ सालापासून नवसाचे दुःखसहन-नाटक होत आले आहे. १९३४ साली त्याच्या त्रिशतसांवत्सरिक प्रयोगाला प्रेक्षकांत हिटलर बसला होता. पुढे यहुद्यांचे काय झाले, ते मी सांगावयास नको. युद्धानंतर आणि विशेषतः व्हॅटिकन परिषदेनंतर त्याच गावाने आपल्या नाटकाची संहिता टप्प्याटप्प्याने बदलली. यहुद्यांविषयीचे विष त्यातून काढिले. नवस मोडला नाही, नाटक बंद पडले नाही.

आणि आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तर या प्रश्नाकडे परका म्हणून पाहूच नये. अलिबागच्या परिसरात तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांस 'शनिवार तेली' म्हणत, ते बेने इस्रायल आपलेच शेजारी. मराठी हीच त्यांची घरची भाषा. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलमध्ये गेले, तरी मराठी बरोबर घेऊन गेले. पडद्यावर 'यहुदी' हा शब्द ऐकताच आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे कोकणातला हा शेजारी उभा राहावा, नुसता कयफाचा आरडणारा जमाव नव्हे. याच किनाऱ्यावरची दुसरी आठवण सुखाची नाही, पण सत्य आहे. ज्यांच्याकडे एके काळी मुंबई बेट खंडाने होते, ते विद्वान वैद्य गार्सिया द ओर्ता यहुदी वंशाचे होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १५६९ साली, त्यांची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळिले. आणि १५८० साली स्वतः ओर्तांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. क्रूसाच्या नावाने हे घडले. ते विसरून आपणांस ज्युबिली साजरी करिता येणार नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत निःसंदिग्ध आहे. २८ ऑक्टोबर १९६५च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात परिषदेने स्पष्ट सांगितले की, प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट लादता येत नाही, आणि आजच्या यहुद्यांवर तर मुळीच नाही. आणि ही काही विसाव्या शतकातील नवलाई नव्हे. त्रेंत परिषदेच्या १५६६च्या धर्मशिक्षण-ग्रंथातच म्हटले आहे की, प्रभूच्या यातनांस पापी माणसे कारण झाली, आणि ख्रिस्ताला ओळखून पुन्हा पाप करणाऱ्या आपल्यासारख्यांचा दोष यहुद्यांच्या दोषाहून भारी आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, गिब्सन यांच्या चित्रपटात प्रभूच्या तळहातावर खिळा धरणारा हात स्वतः दिग्दर्शकाचाच आहे. येशूला मी क्रूसावर खिळिले, ही त्रेंतची शिकवण त्या एका हातात आली आहे. खेद एवढाच की, प्रेक्षकाला तो हात कोणाचा हे दिसत नाही. जमावाचे चेहरे मात्र दिसतात.

आता सरकारच्या कात्रीकडे येऊ. या चित्रपटावर बंदी घालावी, असे म्हणणारे थोडे नव्हते. पॅरिसमध्ये बंदीसाठी न्यायालयात अर्ज झाला, तो फेटाळला गेला. कुवेतमध्ये बंदी झाली. मलेशियात प्रथम मनाई होऊन पुढे केवळ ख्रिस्ती लोकांस पाहण्याची मुभा मिळाली. तेव्हा आम्हां ख्रिस्ती लोकांस बंदी हा अन्याय वाटला. परंतु दोनच वर्षांनी, २००६ साली, 'द दा विंची कोड' आला तेव्हा आपल्यापैकीच पुष्कळांनी बंदीची मागणी केली. सेन्सॉर मंडळाने प्रौढांपुरते प्रमाणपत्र देऊन व कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडून तो संमत केला, तरी गोव्यासह काही राज्यांनी त्यास मनाई केली. आंध्र व मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यातील मनाई रद्द ठरविली. मी विचारतो, आपल्या आवडीच्या चित्रपटास स्वातंत्र्य आणि नावडत्यास बंदी, असे दोन तराजू ठेवून आपण कोणत्या तोंडाने न्याय मागणार? जी कात्री आज आपण दुसऱ्यावर चालवू, ती उद्या आपल्यावर चालेल.

हा केवळ तर्क नव्हे. १९३५ साली प्रभात कंपनीने संत एकनाथांच्या जीवनावर 'महात्मा' हा चित्रपट काढिला. अस्पृश्यांस पोटाशी धरणारा संत त्यात होता. त्या वेळच्या सेन्सॉरच्या हरकतीमुळे त्याचे नाव बदलून 'धर्मात्मा' करावे लागले. सत्तेच्या कात्रीला रक्तापेक्षा न्यायाचेच भय अधिक वाटते, याचे हे मराठी उदाहरण.

इटलीतील एक गोष्ट तर याहून बोलकी आहे. दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी हे मार्क्सवादी आणि निरीश्वरवादी. प्रभूच्या दुःखसहनाचे चित्रीकरण हाच ज्याचा विषय आहे अशा 'ला रिकोत्ता' या लघुपटाबद्दल १९६३ साली त्यांच्यावर धर्मनिंदेचा खटला होऊन चार महिन्यांची स्थगित शिक्षा सुनावण्यात आली. पुढे अपिलात ती रद्द झाली. त्याच गृहस्थांनी १९६४ साली संत मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढिला आणि तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. साधी माणसे, ओसाड डोंगर, शुभवर्तमानातलेच शब्द, आणि रक्तपात अगदी मोजका. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने निवडक पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत हा चित्रपट आहे. त्या खटल्यानंतर पासोलिनींच्या हातून कॅमेराच काढून घेतला असता, तर हे दुसरे चित्र जन्मास आले नसते.

आणि कात्रीहून वाईट म्हणजे आगीची काडी. २२ ऑक्टोबर १९८८च्या रात्री पॅरिसच्या सेंट मिशेल चित्रगृहास आग लावण्यात आली. तेथे मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' चालू होता. तेरा माणसे जखमी झाली. आग लावणारे स्वतःस कट्टर कॅथलिक म्हणवीत होते. पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल लुस्टिजे यांचा त्या चित्रपटास विरोध होता. तरी त्यांनी या कृत्याचा कडक निषेध केला. हे कार्डिनल जन्माने यहुदी, आणि त्यांची आई आउश्वित्झच्या छळछावणीत मरण पावली होती. धर्माच्या नावाने लागलेली काडी कोठवर पोहोचते, हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते. ज्याने पेत्रास तलवार म्यानात घालावयास सांगितले, त्या प्रभूचे रक्षण काडीने करू पाहणाऱ्याने बागेतील तो प्रसंग नीट वाचलेला नाही.

याचा अर्थ नियम मुळीच नकोत असा नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरविले. परंतु दृश्याचा संदर्भ न पाहता कात्री चालवू नये, असेही सांगितले. १९९६ साली 'बँडिट क्वीन'च्या निकालात, अत्याचाराचे दृश्य तिटकारा उत्पन्न करण्यासाठी असेल तर चित्रपट समग्र पाहूनच निर्णय करावा, असे तत्त्व मांडिले. २०२३च्या कायद्याने सात, तेरा व सोळा वर्षे असे वयाचे टप्पेही आले. वय ठरविणे हे राज्याचे उचित काम होय. कोवळ्या जिवाचे रक्षण हा एक हेतू, आणि प्रौढाच्या मनावर पहारा बसविणे हा दुसरा. पहिला आपण मान्य करावा, दुसरा करू नये.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा मार्ग तिसराच आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली 'विजिलांती कुरा' या परिपत्रात चित्रपटांविषयी जे सांगितले, त्याचा भर पोलिसांवर नसून भाविकांच्या स्वेच्छेच्या प्रतिज्ञेवर आणि चित्रपटांची पारख करून लोकांस सावध करण्यावर होता. निषिद्ध ग्रंथांच्या यादीचे बंधनही १९६६ साली संपुष्टात आले. म्हणजे विवेकाचे ओझे यादीवरून उतरून आपल्या खांद्यावर आले आहे. ते हलके नाही. यादी पाठ करणे सोपे. मन घडविणे कठीण.

म्हणून माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आपणांपुढे नम्रपणे ठेवितो. असे चित्रपट आता घरोघर सहज पाहावयास मिळतात आणि प्रायश्चित्तकाळात भक्तीच्या भावनेने लहान मुलांसही दाखविले जातात. हेतू चांगला, पण आठ वर्षांच्या बालकास त्यातून प्रीती कळत नाही, केवळ चाबूक कळतो. रात्री दचकून उठणारे मूल अधिक भाविक झाले, असे समजण्याचे कारण नाही. तेव्हा आपल्या पॅरिशमध्ये सोळा वर्षांखालील मुलांस हा चित्रपट दाखवू नये. मोठ्यांस दाखवावयाचा तर आधी एका शुभवर्तमानातील दुःखसहनाचा संपूर्ण भाग मोठ्याने वाचावा, म्हणजे काय लिहिले आहे आणि काय जोडिले आहे हे कळेल. नंतर फादरांनी किंवा जाणत्या गृहस्थांनी यहुद्यांविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण थोडक्यात सांगावी. त्यावाचून दिवे लावून लोकांस घरी पाठवू नये. उत्तम शुक्रवारच्या उपासनेच्या जागी तर तो कधीही दाखवू नये. कारण उपासनेत आपण प्रेक्षक नसतो, क्रूसाला ओठ लावणारे असतो. आणि शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ज्याने तो चित्रपट पाहिला, त्याने त्या आठवड्यात एका रुग्णाच्या, एका बंदिवानाच्या किंवा घरात मार खाणाऱ्या एका स्त्रीच्या साह्यास जावे. चाबूक अजून थांबलेला नाही. पडद्यावरील जखमेसाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि शेजारच्या भिंतीपलीकडील किंकाळी ज्यास ऐकू आली नाही, त्याचे ते अश्रू तिकिटाच्या मोलाचे.

बंधुभगिनींनो, ज्या देवालयाची आपण ज्युबिली करीत आहो, त्याच्या वेदीवर आमच्या पूर्वजांनी क्रूस उभारिला तो भीती घालण्यासाठी नव्हे, किंवा कोणाकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे. त्या खांबावर दोन्ही हात पसरलेले आहेत. पसरलेल्या हातांनी कोणावर बोट रोखता येत नाही. आपल्या मुलांनी दुःखसहनाची कथा पडद्यावर पाहिली काय, ग्रंथात वाचली काय, तिच्यातून त्यांस हे पसरलेले हात दिसावेत, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.